दोन्हीकडून खेळलेले

नारायण लिमये भातावर वरण घेत होते, तेवढ्यात त्यांच्या मुलीने, स्वानंदीने, पाण्याच्या तांब्याखाली एक कागद सरकवला आणि ती मुकाट्याने पोळी मोडायला लागली. कागदावर लिहिलं होतं, 'प्रति, मा. सचिव, भैरोबा तालीम मंडळ, सांगली. विषय : दुसऱ्या संघाकडून खेळण्यासाठी ना-हरकत दाखला मिळणेबाबत.' लिमयांनी ते दोनदा वाचलं. मा. सचिव ते स्वतःच होते.

"हे घरात का दिलंस?" त्यांनी विचारलं.

"मग काय रजिस्टर पोस्टाने पाठवू?" स्वानंदी म्हणाली.

लिमयांनी हात धुतले, कपाटातून मंडळाचा शिक्का काढला, अर्जावर आवक क्रमांक टाकला आणि मगच ताकभात खाल्ला. पाटबंधारे खात्यात तेहतीस वर्षं काढलेल्या माणसाला नोंद न केलेला अर्ज पचत नाही.

लिमयांनी आयुष्यात एकदाही फुटबॉलला पाय लावलेला नव्हता. एकदा फुटबॉलच त्यांच्या चष्म्याला लागला होता, तेवढाच काय तो संबंध. पण तालमीला मैदान मारणारे पुष्कळ असतात, अर्ज लिहिणारा एखादाच. अठ्ठावीस वर्षांपूर्वी मंडळाचे अध्यक्ष आणि संघाचे वस्ताद गुंडा सूर्यवंशी त्यांच्या दारात उभे राहिले होते आणि म्हणाले होते, "आवं लिमये, मैदानासाठी एक अर्ज लिवून द्या की. आमच्यातल्या कुनी लिवला की सायेब हसतोय." त्या अर्जावर मैदान मिळालं, आणि लिमये मंडळाचे सचिव झाले ते झालेच. तेव्हापासून लिमये लिहीत आणि गुंडाभाऊ सही करीत. काय लिहिलंय ते गुंडाभाऊंनी एकदाही वाचलं नाही. उसाच्या तोडणीच्या दिवसांत ते इस्लामपूरकडच्या शेतावर जाऊन बसत आणि आठ-आठ दिवस हाताला लागत नसत, म्हणून मंडळाच्या लेटरहेडचे पाच कोरे कागद, खाली सही करून, ते लिमयांच्या कपाटात ठेवून जात. एक संपला की दुसरा. लिमयांना सरकारने तेहतीस वर्षांत पाच पगारवाढी उशिराने दिल्या, पण एवढा विश्वास कधी दिला नाही.

स्वानंदीचा फुटबॉल गुंडाभाऊंनीच घडवला. सात वर्षांची असल्यापासून ती भैरोबाच्या पोरांत खेळायची, त्यांच्या शिव्या खायची आणि मिरवणुकीत त्यांच्याबरोबर लेझीमही खेळायची. आता ती एकवीसची झाली होती. मुलांच्या सामन्यात तिला कोणी घेणार नव्हतं, आणि भैरोबाला मुलींचा संघ नव्हता. मुलींचा संघ काढला होता तो नवहिंद मंडळाने. साताऱ्याला पंधरा दिवसांनी महिलांची स्पर्धा होती आणि शनिवारी संध्याकाळी पाचला नावं देण्याची मुदत संपत होती.

भैरोबा आणि नवहिंद यांचं मैदान एकच. सकाळी भैरोबाचं, संध्याकाळी नवहिंदचं. पण भैरोबाचा माणूस संध्याकाळी त्या मैदानावरून सायकलसुद्धा नेत नसे. अकरा वर्षांपूर्वी धुळा नावाचा एक चांगला खेळाडू भैरोबा सोडून नवहिंदला गेला होता, आणि त्या दिवसापासून गुंडाभाऊ त्याच्याशी बोलले नव्हते. धुळा त्यांचा सख्खा पुतण्या. एकाच अंगणात दोन दारं आणि अकरा वर्षं अबोला. आता नवहिंदच्या मुलींना तोच शिकवत होता.

म्हणजे दाखला दिला तर गुंडाभाऊ जाणार, आणि नाही दिला तर पोरीचा खेळ जाणार. लिमयांना त्या रात्री झोप लागली नाही.

"अहो, त्यात एवढं काय?" शरयूबाई सकाळी चहा गाळता गाळता म्हणाल्या. "ते सहीचे कागद आहेत ना कपाटात? त्यातल्या एकावर लिहा नि द्या. गुंडाभाऊ कधी वाचतात?"

"वाचत नाहीत म्हणूनच लिहिता येत नाही," लिमये म्हणाले. शरयूबाईंनी चहा पुढे केला आणि या विषयावर आपण पुन्हा तोंड उघडणार नाही असं जाहीर केलं. पुढल्या आठ दिवसांत हे त्यांनी सहा वेळा जाहीर केलं.

शेजारचे सुभेदार वीरधवल माने यांना हा प्रश्नच कळेना. "पोस्टिंग आली की बिस्तर बांधायचं. आज पठाणकोट, उद्या जोधपूर. त्यात रुसायचं काय?" मग थोडा विचार करून ते म्हणाले, "पण पूर्वी कुनी असं केलंय का, त्ये दाखवा गुंडाला. हितनं तिथं जाऊन मोठा झालेला एखादा गडी."

"युरोपात पुष्कळ आहेत," स्वानंदी गॅलरीतून म्हणाली. "एका क्लबमधून त्याच्या कट्टर दुश्मनाकडे गेलेले."

हे ऐकून लिमयांचे डोळे चमकले. खात्यात ते एक गोष्ट पक्की शिकले होते. साहेबाला पटवायचं नसतं. पूर्वी असं घडल्याचं दाखवायचं असतं. पूर्वीचं उदाहरण फाइलला लागलं की साहेबाचं पेन आपोआप चालतं. गुंडाभाऊ साहेब नव्हते आणि त्यांचा राग ही फाइल नव्हती, हे त्यांच्या लक्षात यायला हवं होतं. पण उत्साहाच्या भरात माणसाला आपलं हत्यारच तेवढं दिसतं.

आधी ठरलं होतं चार-पाच नावांचं. मंगळवारी ती अकरा झाली, बुधवारी सव्वीस. लिमये सकाळी वाचनालयात, दुपारी संगणकापुढे, आणि स्वानंदी शेजारी बसून उच्चार सांगणार. एकाच शहरातले दोन क्लब, एकाच मैदानावर आलटून पालटून खेळणारे मिलानचे दोन संघ, हे वाचून तर लिमयांना घरचं माणूस भेटल्यासारखं वाटलं. पिर्लो, सीडॉर्फ, बॅजिओ, ही मंडळी त्या दोन्ही संघांकडून खेळलेली. "म्हणजे यांच्याही मैदानाचा अर्ज कोणीतरी लिहीत असेल," ते म्हणाले आणि बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसले.

शेवटी अडतीस नावं झाली. रकाने सहा : अनुक्रमांक, खेळाडू, जुना क्लब, नवा क्लब, सन आणि शेरा. घात केला तो शेऱ्याच्या रकान्याने. लिमये कागदावर खोटं लिहीत नसत आणि अर्धवटही लिहीत नसत. कोण गेला, कुठे गेला एवढ्यावर ते थांबले असते तर बरं झालं असतं. पण त्याचं पुढे काय झालं, तेही त्यांनी इमानेइतबारे नोंदवलं. कागदाला नाव दिलं, 'परिशिष्ट अ : दोन्हीकडून खेळलेले.' पानं आठ.

झेरॉक्सच्या दुकानात प्रती काढायला दिल्या आणि लिमये समोर केळी घ्यायला गेले. दुकानदार नवहिंदचा. केळीवाल्याशी भाव ठरेपर्यंत अर्जाचा आणि परिशिष्टाच्या पहिल्या पानाचा फोटो अर्ध्या सांगलीच्या मोबाइलवर फिरला होता.

शुक्रवारी सकाळी भैरोबा तालमीच्या बरोब्बर समोर फ्लेक्स लागला. नवहिंदचे अध्यक्ष जयराज हे उत्साही गृहस्थ. फ्लेक्सवर मधोमध स्वानंदी, 'नवहिंदच्या वाघिणीचे स्वागत.' आणि खाली कोपऱ्यात, निवृत्तीच्या समारंभातला फेटा आणि शाल घातलेला फोटो : 'मार्गदर्शक मा. ना. वि. लिमये.' आयुष्यभर पडद्यामागे राहून अर्ज लिहिलेला माणूस पहिल्यांदा फ्लेक्सवर आला, तो असा.

लिमये तडक वॉर्ड ऑफिसात गेले.

"फ्लेक्सला परवानगी हाय का, ते बघावं लागंल," तिथला माणूस म्हणाला. "तक्रार कुनाची?"

"माझी. त्यावर माझा फोटो आहे."

त्याने मोबाइलवर फ्लेक्स बघितला, मग लिमयांचं आधार कार्ड बघितलं, मग लिमयांना बघितलं. "फोटोतल्या मानसाला फेटा हाय. आधारवर फेटा न्हाई. त्ये तुमीच, ह्ये कशावरनं?"

"मीच सांगतोय ना!"

"तसं न्हाई चालत काका. लेखी द्या. दोन साक्षीदार आना."

एरवी लिमयांनी त्या माणसाचं कौतुक केलं असतं. त्याच्या जागी ते असते तर त्यांनीही हेच सांगितलं असतं. पण आज ते तसेच बाहेर पडले आणि पायऱ्यांवर बसून राहिले. गुंडाभाऊ सकाळी साडेपाचला तालीम उघडतात. दार उघडल्या उघडल्या त्यांना समोर काय दिसलं असेल, तेवढंच त्यांच्या डोक्यात घुमत होतं.

संध्याकाळी तालमीत बैठक होती. लिमयांनी पिशवीत चार गोष्टी घेतल्या : स्वानंदीचा साताऱ्याच्या स्पर्धेचा फॉर्म, परिशिष्ट अ, सहीचे पाच कोरे कागद आणि स्वतःचा राजीनामा. तालमीत वीस-पंचवीस माणसं बसली होती. गुंडाभाऊ भिंतीला टेकून, गुडघ्यावर हात ठेवून बसले होते. त्यांनी लिमयांकडे बघितलं नाही.

"वाचा," ते म्हणाले.

"अनुक्रमांक एक," लिमयांनी सुरुवात केली. "लुईस फिगो. बार्सिलोना सोडून रिअल माद्रिदकडे. सन दोन हजार."

"मग?"

"मग... शेरा असा आहे की, दोन वर्षांनी तो जुन्या मैदानावर खेळायला आला, तेव्हा प्रेक्षकांनी मैदानात डुकराचं मुंडकं फेकलं."

तालमीत समाधानाची कुजबुज झाली. "बघा," एक म्हातारे म्हणाले, "तिकडंबी मानसंच ऱ्हात्यात."

त्यांनी पान उलटलं. सोल कॅम्पबेल, टॉटनहॅमकडून आर्सेनलकडे. जुन्या लोकांनी फितूर ठरवला. मो जॉन्स्टन, एकेकाळी सेल्टिकचा, पुढे रेंजर्सकडे. दोन्हीकडचे लोक नाराज. क्रायफ, आयाक्सशी बिनसलं म्हणून फेयेनूर्डला गेला आणि त्याच वर्षी त्यांना विजेतेपद मिळवून दिलं. यावर तर एकजण उठूनच उभा राहिला. एकेक उदाहरण लिमयांच्या बाजूने म्हणून निघायचं आणि वाटेतच फितूर व्हायचं.

लॉड्रपपाशी गुंडाभाऊंनी हात वर केला. बार्सिलोनाकडे असताना त्याच्या संघाने रिअलला पाच-शून्य हरवलं होतं, आणि पुढल्या वर्षी रिअलकडे असताना बार्सिलोनाला पाच-शून्य.

"म्हंजी दोनीकडनं पाच-पाच," गुंडाभाऊ म्हणाले. "मग त्येला रातच्याला झोप कशी लागत आसंल?"

लिमयांनी शेऱ्याचा रकाना बोटाने वरून खाली तपासला आणि पुढचं नाव घेतलं.

अनुक्रमांक एकतीसला ते आले तोवर त्यांचा आवाज बसला होता. "डेनिस लॉ. मँचेस्टर युनायटेडकडून कितीतरी वर्षं. मग त्याच गावातल्या मँचेस्टर सिटीकडे. एकोणीसशे चौऱ्याहत्तर. सामना संपत आला असताना जुन्या क्लबवर टाचेने गोल मारला."

"शेरा?"

"हात वर केले नाहीत. हसला नाही. मान खाली घालून मैदानाबाहेर गेला. युनायटेड त्या वर्षी खालच्या गटात गेलं. पण नंतर कळलं, त्याने गोल मारला नसता तरी ते जाणारच होतं."



"पुन्यांदा वाचा," गुंडाभाऊ म्हणाले.

लिमयांनी पुन्हा वाचलं. गुंडाभाऊंनी समोरच्या आखाड्यातली चिमूटभर लाल माती बोटांत चुरली. मग म्हणाले, "बास. घरला जा समदी. सेक्रेटरी, तुमी ऱ्हावा."

सगळे गेले. गुंडाभाऊंनी विचारलं, "माझ्या सहीचं कागद कुठं हायत?"

लिमयांनी पाचही काढून पुढे ठेवले. गुंडाभाऊंनी ते एकेक करून मोजले. "एकावर लिवलं आसतं, तर मला कवा कळलं आसतं?"

"म्हणूनच नाही लिहिलं."

"ह्ये ब्येस केलंसा. मग घरला येऊन सांगायचं हुतं. 'गुंडा, पोरगी चाललीया.' एवढंच. म्या चार शिव्या घातल्या आसत्या, च्या पाजला आसता. ह्यो आठ पानांचा परदेश कशाला आनला आपल्या मदी?"

"भीती वाटली," लिमये म्हणाले. अठ्ठावीस वर्षांत ते गुंडाभाऊंशी इतकं छोटं आणि इतकं खरं वाक्य बोलले नव्हते. "धुळाशी तुम्ही अकरा वर्षं बोलला नाहीत."

"धुळा नवहिंदला गेला म्हून न्हाई बोललो. सांगून गेला न्हाई म्हून. त्यो गेल्याचं मला फ्लेक्सवर कळलं, आवं! एका अंगनात ऱ्हातो आमी." गुंडाभाऊंनी समोरच्या दाराकडे बोट केलं. "आन् औंदाबी फ्लेक्सवरच कळलं."

लिमयांना मान वर करवेना. त्यांनी राजीनामा पुढे सरकवला.

"ह्ये काय?"

"राजीनामा."

"ठिवा पिशवीत. चष्मा न्हाई माझ्याकडं." त्यांनी स्वानंदीचा फॉर्म मागून घेतला. अध्यक्षांच्या अभिप्रायासाठी खाली दोन ओळी कोऱ्या होत्या. लिमये सवयीने लिहायला वाकले, तर गुंडाभाऊंनी त्यांच्या हातातलं पेन काढून घेतलं आणि अंग मोडून मेहनत केल्यासारखं, एकेक अक्षर रेटत, स्वतः लिहिलं. 'हरकत हाय. तरी सोडतोय. पोरगी लय चांगली खेळती.' खाली सही. सही लिमयांनी हजार वेळा बघितली होती. अक्षर आज पहिल्यांदाच बघत होते.

शनिवारी बापलेक एसटीने साताऱ्याला गेले. स्पर्धेच्या कचेरीत संयोगिता नावाच्या एक तरुण बाई अर्ज तपासत होत्या. त्यांनी फॉर्म वाचला, पुन्हा वाचला.

"काका, इथं तर 'हरकत आहे' असं लिहिलंय."

"पुढचंही वाचा ना."

"वाचलं. छान आहे. पण मला 'हरकत नाही' पाहिजे. नाहीतर नाव घेता येणार नाही. पाच वाजेपर्यंत आणा."

घड्याळात चार वीस झाले होते. गुंडाभाऊ शेतावर, दोन तासांवर. लिमयांनी फोन लावला. पलीकडून ऊसतोडीच्या गलक्यात आवाज आला, "म्या खोटं लिवनार न्हाई, सेक्रेटरी. हरकत हाय म्हंजी हाय."

"मग नाव जाणार, गुंडाभाऊ."

गुंडाभाऊंनी तिकडे कुणाला तरी मोळी बाजूला टाकायला सांगितलं. मग, "त्ये कागद हायत न्हवं पिशवीत?"

लिमयांनी पिशवीत हात घातला. पाचही तिथेच होते. राजीनाम्याबरोबर गुंडाभाऊंनी तेही परत पिशवीत ठेवायला लावले होते, हे त्यांच्या आत्ता ध्यानात आलं.

"हायत तर लिवा की. तुमी लिवल्यालं म्या कवा वाचलंय? आन् पोरीकडं द्या फोन."

स्वानंदीने फोन कानाला लावला. आवाज एवढा मोठा होता की संयोगिताबाईंनाही ऐकू गेला. "हे बघ पोरी. गोल झाला तर त्या विलायतच्या गड्यावानी मान खाली घालायची न्हाई. नाचायचं. न्हाई नाचलीस तर दाखला रद्द!"

स्वानंदीने नुसती मान हलवली, जणू ती फोनमधून दिसणार होती. लिमयांनी टेबलाच्या कडेला बसून कोरा कागद घेतला. 'सदर खेळाडूस दुसऱ्या संघाकडून खेळण्यास या मंडळाची कोणतीही हरकत नाही.' असली वाक्यं त्यांनी आयुष्यात डोळे मिटून लिहिली होती. हे एक त्यांनी दोनदा वाचून बघितलं. गुंडाभाऊंच्या अक्षरातला फॉर्म मात्र त्यांनी दिला नाही. नवा फॉर्म भरून त्याला दाखला जोडला, संयोगिताबाईंनी नाव लिहून घेतलं, आणि जुना त्यांनी घडी करून खिशात ठेवला. आवकमध्ये नोंद नसलेला, त्यांच्याजवळचा तो पहिला कागद.

सामन्याच्या रविवारी ते साताऱ्याच्या मैदानावर पोचले, तर तारेच्या कुंपणाशी, नवहिंदच्या लोकांपासून लांब, भैरोबाची पिवळी टोपी घालून गुंडाभाऊ उभे होते.

"साताऱ्यात काम हुतं," त्यांनी न विचारता सांगितलं. "मोटारीचा पार्ट बघायचा हाय."

रविवारी बाजारपेठ बंद असते, हे लिमयांनी सांगितलं नाही. दोघे कुंपणाला टेकून उभे राहिले. समोर पाचगणीच्या मुलींचा संघ होता, दमाचा आणि चपळ. पहिल्या अर्ध्या तासात त्यांनी दोन गोल केले. गुंडाभाऊंची चुळबुळ वाढत गेली. मैदानाच्या कडेला धुळा हातवारे करत होता. शेवटी राहवलंच नाही आणि गुंडाभाऊ कुंपणावरून ओरडले, "आरं धुळ्या! डावी बाजू मोकळी सोडलीया की रं! पोरीला तिकडं धाड!"

धुळाने वळून बघितलं. अकरा वर्षांनी कानावर आलेली हाक त्याला क्षणभर उमगलीच नाही. मग तो घाईघाईने म्हणाला, "व्हय तात्या," आणि त्याने स्वानंदीला डावीकडे पाठवलं.

उत्तरार्धात डावीकडूनच गोल झाला. स्वानंदीने दोघींना चकवून चेंडू खालच्या कोपऱ्यात घातला. नवहिंदच्या मुली तिच्याकडे धावल्या. पण ती जागीच उभी होती, मान खाली. त्या अडतीस नावांचे उच्चार तिनेच सांगितले होते, आणि एकतिसावं तिच्या मनातून गेलं नव्हतं.

"आगं नाच की!" गुंडाभाऊंनी कुंपण दोन्ही हातांनी धरून हलवलं. "नाच म्हन्तो न्हवं!"

स्वानंदीने वर बघितलं, आणि मग ती नाचली. नवहिंदचा निळा शर्ट घालून, भर मैदानात, ती भैरोबाच्या मिरवणुकीतली लेझीम खेळली. चार पावलं पुढे, वाकून दोन ठेके, गिरकी आणि चार पावलं मागे. गुंडाभाऊंनी सातव्या वर्षी शिकवलेली. नवहिंदच्या मुलींना ती येत नव्हती, तरी त्याही तिच्याभोवती नाचल्या. गुंडाभाऊंनी टोपी काढून तोंड पुसलं. लिमयांनी चष्मा पुसला.

सामना नवहिंदने दोन-एक गमावला. त्याचं काही नाही, असं तिथे फक्त लिमयांनाच वाटत होतं.

परतीच्या एसटीत स्वानंदी संघाबरोबर मागे बसली होती. तिच्या पुढच्या बाकावर धुळा होता आणि त्याच्या हातात तात्यांनी दिलेली शेंगांची पुडी होती. कराड मागे पडलं तेव्हा गुंडाभाऊ लिमयांना म्हणाले, "पिशवी आना इकडं."

लिमयांनी पिशवी दिली. आता राजीनाम्यावर सही होणार, असं त्यांना वाटलं. गुंडाभाऊंनी राजीनामा काढून मांडीखाली टाकला. मग सहीचे कागद काढले आणि बोटाला थुंकी लावून मोजले.

"चारच हायत."

"एक वापरला ना, साताऱ्याला."

"व्हय की." त्यांनी पिशवीतल्या लेटरहेडच्या पॅडमधून एक नवा कागद फाडला, गुडघ्यावर ठेवला, आणि गाडीच्या हिसक्यांत, वाकडीतिकडी का होईना, खाली सही केली. मग पाचही कागद एकावर एक ठेवून, कडा जुळवून, लिमयांच्या हातात दिले.

"पाच आसू देत," ते म्हणाले. "येळ काय सांगून येतीया व्हय?"